पार्टीतला पाचवा: टेबलवर सोबत्याचं पात्र कसं वठवावं

टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात (रोल-प्लेइंग गेम) खेळाडूंच्या पात्रांची टोळी, म्हणजे 'पार्टी', मशाल धरायला म्हणून एक गडी पगारावर ठेवते. पहिली दोन सेशनं त्याची चेष्टा होते. तिसऱ्यात ऐन लढाईत कुणीतरी विचारतं, "अरे, आपला मशालवाला कुठंय?" आणि सगळे नकाशावर त्याचा मोहरा शोधायला लागतात. सोबती, म्हणजे कुणाही खेळाडूचं स्वतःचं नसलेलं साथीदार पात्र, असे हरवतात ते बहुधा एकाच कारणाने: त्याच्या वतीने बोलायचं कुणी, हे ठरलेलंच नसतं. खालचे नियम आणि आकडे अशाच एका खेळाच्या, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४) आहेत. पद्धत मात्र अशा कुठल्याही खेळात चालते.

१. फासे एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे

पगारी गडी असेल तर लढाईतले फासे आणि हिट पॉइंट्स (जीव किती उरला त्याचा आकडा) एका खेळाडूकडे द्या, बोलणं डीएमकडे (खेळ चालवणारा 'डन्जन मास्टर') ठेवा. डीएमच्या हातात आधीच शत्रूचे सहा गॉब्लिन असतात, त्यात सातवा हिशेब नको. जादूगाराच्या फॅमिलियरचं (जादूने बोलावलेला प्राण्याच्या रूपातला सोबती) उलट करा: फासे मालकाकडेच, पण आवाज शेजारच्या खेळाडूकडे. नाहीतर जादूगाराचा खेळाडू स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो, बाकीचे मोबाइल काढतात. हे पहिल्याच सेशनला मोठ्याने सांगून टाका.

२. चार ओळींचं कार्ड

लांबलचक पूर्वकथा लिहू नका, कुणी वाचत नाही. कार्डावर एवढंच: काय हवंय, कशाची भीती, एक लकब, आणि काही केल्या काय करणार नाही.

समजा आपला मशालवाला बोर्क. हवंय: एक खेचर. भीती: खोल पाणी. लकब: पैसे मोजताना ओठ हलतात. नकार: मेलेल्याच्या खिशात हात घालणार नाही.

आता नियमपुस्तकातले भाव लावा. बिनकसबी गड्याची मजुरी दिवसाला चांदीची २ नाणी, खेचराची किंमत सोन्याची ८, म्हणजे चांदीची ८०. पण गरिबीतलं राहणंखाणंही दिवसाला चांदीच्या २ नाण्यांचंच. पार्टीने जेवूखाऊ घातलं तर चाळीस दिवसांत खेचर दारात. नाही घातलं तर जन्मात नाही. मुक्कामावर वाढताना बोर्कला विसरलात तर तो गप्प का बसतो, हे आता डीएमला शोधावं लागत नाही. हवी असलेली गोष्ट अशी मोजता येईल इतकी लहान ठेवा. 'राज्याला न्याय मिळावा' वगैरे नायकांसाठी राहू द्या.

३. आवाज

गडी म्हणजे गावंढळ बोली, हा मोह टाळा. दहा मिनिटांत ते नक्कल वाटायला लागतं, आणि कुणाच्या तरी आजोळची भाषा तीच असते. मराठीत खेळत असाल तर त्याहून धारदार हत्यार हाताशी आहे: संबोधनं. बोर्क सरदाराला 'मालक' म्हणतो, धनुर्धारी मुलीला 'ताई', आणि चोराला 'अरे-तुरे'. चोराने त्याचे पैसे लांबवले की दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणा: "तुम्ही पुढे व्हा, मी येतो." तू वरून तुम्ही वर आलेला माणूस किती दुखावलाय, हे टेबलवर कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

प्राण्याला माणसाचे विचार देऊ नका. लांडग्यासाठी तीन खुणा ठरवा: कान मागे म्हणजे अनोळखी वास, शेपूट खाली म्हणजे भीती, नाक मालकाच्या तळहातात म्हणजे भूक. त्या बदलू नका. दोनतीन सेशनांत पार्टी आपणहून वाचायला लागते.

फॅमिलियर दिसायला प्राणी, पण मुळात आत्मा. तो हुकूम मोडत नाही, त्यामुळे स्वभाव हुकूम पाळण्याच्या तऱ्हेत दाखवायचा. सैतानी कुळातला कावळा 'दारावर लक्ष ठेव' म्हटल्यावर दाराकडेच बघत बसतो, खिडकीतून कुणी आत आलं तरी.

४. टर्न: एक वाक्य, एक फासा

सोबत्याची टर्न वीस सेकंदांत संपली पाहिजे. सगळ्यात जास्त बिघडतं ते फॅमिलियर म्हणून घेतलेल्या घुबडाचं. फॅमिलियरला हल्ला करता येत नाही, पण मदत करता येते. आणि घुबड शत्रूजवळून उडून गेलं तरी त्याला संधीचा वार (जवळून निसटणाऱ्यावर करता येणारा फुकटचा वार) बसत नाही. मग प्रत्येक फेरीत 'घुबडाची मदत, ॲडव्हान्टेज' (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) असं यंत्र सुरू होतं. उपाय: मदत कशी केली ते एका वाक्यात सांगितल्याशिवाय ॲडव्हान्टेज नाही. आणि दोनदा डोळ्यांसमोर पंख फडफडल्यावर शत्रू त्याच्यावर धनुष्य रोखणारच. घुबडाचा हिट पॉइंट एकच असतो. परत बोलवायला पितळी शेगडीत सोन्याच्या १० नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनौषधी जाळायच्या, तासभर बसायचं. म्हणजे त्याच लढाईत ते येत नाही.

५. निष्ठा मोजा, आकडा लपवा

डीएमच्या पुस्तकात यासाठी ऐच्छिक नियम आहे. पार्टीतला सर्वांत मोठा करिश्मा (पात्राची छाप किती पडते त्याचा आकडा) ही निष्ठेची कमाल, त्याच्या निम्म्यावर सुरुवात. करिश्मा १६ असेल तर बोर्क ८ वर. जिवापाड साथ ११ पासून पुढे, त्याखाली सगळं तळ्यात-मळ्यात. त्याच्या ध्येयाला हातभार लावला किंवा त्याला वाचवलं तर १डी४ (चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी) वाढ. त्याच्या तत्त्वाविरुद्ध वागलात तर १डी४ घट. स्वार्थासाठी संकटात ढकललं तर २डी४ (असे दोन फासे) घट. शून्यावर आला की तो तुमचा राहिला नाही.

पाणी किती खोल ते बघायला त्यालाच आधी उतरवलंत? फासे पडद्याआड टाका, ५ आले, ८ चे ३ राहिले. आकडा सांगू नका. कालपर्यंत "मालक, तुम्ही मागं राहा, मी बघतो" म्हणणारा आज म्हणेल, "साहेब, मी मशाल धरायचे पैसे घेतलेत."

(याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात करिश्म्यावरून एक ते सात गडी ठेवता येत. चार खेळाडूंच्या टेबलवर आमच्या मते दोनाच्या वर नकोत.)

६. डीएमचा लाडका होऊ देऊ नका

कोडं सोबत्याने सोडवलं, शेवटचा वार त्यानेच घातला, की खेळाडू प्रेक्षक होतात. सोबत्याने माहिती द्यावी, तीही आपल्या धंद्यापुरती. निर्णय देऊ नये. 'कुठल्या वाटेने जायचं?' विचारलं तर बोर्क एवढंच सांगेल: "डावीकडं वारा आहे, मशालीची ज्योत तिकडून वाकते."

सोडून गेला तर कार्ड फाडू नका, डीएमकडे द्या. पगार चुकता करून पाठवला असेल तर पाचसहा सेशनांनी एखाद्या घाटात तो समोरून येऊ शकतो, खेचराचा लगाम धरून. तेव्हा तो 'मालक' म्हणतो की 'साहेब', ते कार्डावरचा शेवटचा आकडा बघून ठरवा.