व्हॅलेटा: बोटीचं तिकीट फेकू नका

माल्टाच्या व्हॅलेटात धक्का खाली पाण्यालगत आणि गाव वर तटावर. उन्हात तो चढ चढायचा म्हणजे दम निघतो.

1. बंदराच्या पलीकडच्या बिर्गू गावाहून फेरीबोटीने या. टॅक्सीपेक्षा स्वस्त, शिवाय ग्रँड हार्बर या बंदराचे पिवळसर दगडी तट पाण्यातूनच खरे भव्य दिसतात.
2. तिकीट जपून ठेवा. धक्क्याजवळच बाराक्का लिफ्ट आहे. तिकीट दाखवलं की वेगळे पैसे पडत नाहीत. 58 मीटर उंची, मिनिटभरात वर!
3. साडेअकरालाच पोचा. दुपारी 12ला उडणारी तोफ, लिफ्ट जिथे सोडते त्या वरच्या बाराक्का बागेच्या कठड्यावरून फुकट दिसते. खाली तोफांजवळ जायला मात्र तिकीट, आणि माझ्या मते त्याची गरज नाही.

वारा जोराचा असला की बोटी बंद राहतात; बसची वेळ आधीच बघून ठेवा.