जहांगीरला जाताना कॅमेरा घरी ठेवा

मी लग्नांचे फोटो काढते. राहते डोंबिवलीत. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त संपतात (काढीव मुहूर्त निघतातच, पण पोट भरेल इतके नाही), आणि तुळशीच्या लग्नापर्यंत आम्ही बरेचसे मोकळे. चित्रांची आणि फोटोंची प्रदर्शनं बघायची सवय मला या रिकाम्या महिन्यांनी लावली.

पहिल्या फेरीत सगळं चुकलं होतं. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर लेन्सची बॅग, दोन तासांत चार दालनं. घरी येऊन कार्ड उघडलं तर चित्रांचे २१४ फोटो, आणि डोळे मिटल्यावर त्यातलं एकही चित्र आठवेना. तेव्हापासून कॅमेरा घरी. मोबाइल खिशात असतो, पण पहिला तास तो तिथेच राहतो. सोबत एक चाळीस पानी वही आणि पेन्सिल.

सुरुवात मुंबईतल्या काळा घोड्यापासून करा. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडलं की पंधरा-वीस मिनिटांत पोचता. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, प्रवेश फुकट, वेळ ११ ते ७. प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. टेरेस गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं असतात, तीही बघाच. जवळच रीगलच्या चौकात सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, म्हणजे एनजीएमए. ते सोमवारी बंद असतं, हे मी बंद दारासमोर उभी राहून शिकले. शक्यतो मधल्या वारी, दुपारी जा. उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रांपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. समोसे मात्र बरे असतात.

आत गेल्यावर आधी न थांबता एक चक्कर मारा. पाट्या वाचू नका, माहितीपत्रक उघडू नका. मग ज्या चित्रापाशी पाय जरा रेंगाळले, तिथे परत या आणि वीस मिनिटं उभे राहा. पाचव्या मिनिटाला कंटाळा येईल, येऊ दे. डोळे किलकिले केले की बारकावे विरघळतात आणि गडद-फिक्याचे तीन-चार तुकडे उरतात. तेवढेच वहीत काड्यापेटीएवढ्या चौकोनात उतरवून घ्या. चित्रकला यायची गरज नाही. मला साधं मांजरही काढता येत नाही.

मग चारही कडा बघा. कोण अर्धं कापलंय, कुठली वस्तू काठाला जेमतेम शिवतेय? फोटोत नको ते आपसूक येतं, मागचा पंखा, कोणाची तरी चप्पल. चित्रकाराला मात्र कोपऱ्यातली बादलीसुद्धा हाताने रंगवावी लागते. म्हणून ती बादली तिथे कशाला, हा प्रश्न चित्रापुढे विचारण्यात अर्थ असतो. मी फोटोंच्या आधी चित्रं बघते ती याचसाठी.

२०१९ च्या शेवटी एनजीएमएमध्ये चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. ते ठाण्याचे, आधी पेशाने रेडिओलॉजिस्ट होते. आमच्या रोजच्या प्रवासात दिसणारी माणसं, रस्ते, इमारती त्यांच्या चित्रांत होती. गर्दी कशी रचायची हे मी तिथे पाहिलं. मंडपातल्या गर्दीला मी तोवर नुसती अडचण समजत होते. एनजीएमएमध्ये गेलात तर जिने चढत घुमटाखालच्या मजल्यापर्यंत जा, बरेच जण खालूनच परततात.

जहांगीरमध्ये एका नवख्या चित्रकाराचं टपरीचं चित्र होतं. चहावाला काठावर अर्धा कापलेला, मधोमध रिकामं बाकडं. ते डोक्यात राहिलं. पुढच्या हंगामात मंगलाष्टकं चालू असताना सगळे कॅमेरे चेहऱ्यांवर होते, तेव्हा मी खाली बसले: अंतरपाटाची खालची कड, दोन पावलांच्या जोड्या, सांडलेल्या अक्षता, मामाचा मनगटापर्यंतच हात. ज्यांच्या हाताखाली काम करत होते त्यांनी "चेहरे कुठायत?" म्हणत तो फोटो अल्बममधून काढून टाकला. मी जपून ठेवलाय.

फोटोंच्या प्रदर्शनात वेगळं काही शोधा. प्रिंट केवढी आहे, कागद चकचकीत की मॅट, एका फोटोशेजारी कुठला टांगलाय. मोबाइलवर सगळे फोटो एकाच मापाचे होतात, भिंतीवर तळहाताएवढा फोटो तुम्हाला वाकायला लावतो. नरिमन पॉइंटला एनसीपीएमधली (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) पिरामल गॅलरी खास फोटोंसाठी आहे.

जहांगीरमध्ये चित्रकार बहुतेक वेळा स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. "याचा अर्थ काय?" विचारू नका, बिचाऱ्याला सकाळपासून तेच विचारलेलं असतं. "यातलं काय पुसून टाकलंत?" असं विचारा, अर्धा तास निघून जातो. चित्राचा फोटो हवाच असेल तर परवानगी घ्या, फ्लॅश कधीच नाही. अभिप्रायाच्या वहीत नुसतं 'खूप छान' नको, कुठल्या चित्रात काय दिसलं ते एक ओळ लिहा.

परतताना स्टेशनपर्यंत मोबाइलवर बाराच फोटो काढा, तेरावा नाही. वहीत ज्या एका गोष्टीची नोंद केली असेल, तेवढीच शोधत.

आणि कधीतरी सोमवारी संध्याकाळी सहाच्या पुढे जहांगीरला जा. बबल रॅप, सुतळी, बाहेर टेम्पोची घाई. आठवडाभर गंभीर चेहऱ्याने बसलेला माणूस आता घामाघूम आणि बोलका असतो. मी एकदा विचारून एका मोठ्या कॅनव्हासचं दुसरं टोक धरलं होतं. पालथा केल्यावर मागे पेन्सिलने लिहिलेली तीन नावं दिसली, दोन खोडलेली.