पहिला सर्व्हे, आणि ‘नियमित’ या शब्दाने शिकवलेलं

माझ्या पहिल्या प्रोजेक्टचा विषय होता ‘समाजाचं आरोग्य’. गाइडनी विचारलं, “यात मोजणार काय?” मला सांगता येईना. दोन आठवडे घासून तो एका प्रश्नावर आला : घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य कसं असतं?

स्वास्थ्य मोजायला स्वतःची पट्टी बनवू नका. मी डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक स्वास्थ्याची छोटी प्रश्नावली वापरली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा मिळतो. आपल्या भाषेतली तपासलेली आवृत्ती आहे का, तेवढं आधी बघा.

बाकीचे प्रश्न मात्र माझे होते आणि तिथेच मी अडकले. ‘तुम्ही नियमित विश्रांती घेता का?’ पायलटमध्ये, म्हणजे सर्व्हेआधी थोड्या लोकांवर घेतलेल्या चाचणीत, जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणाले. मग एका बाईंनी विचारलं, “नियमित म्हणजे किती?” मी प्रश्न बदलला : ‘काल रात्री किती वेळा उठावं लागलं?’ लोक बोटं मोजून सांगू लागले. पायलट टाळून थेट सर्व्हेला उतरले असते, तर ते सगळे ‘हो’ माझ्या निष्कर्षात गेले असते.

नमुन्यासाठी, म्हणजे किती जणांना विचारायचं यासाठी, ३८५ हा आकडा सगळीकडे ऐकायला मिळतो. मोठी लोकसंख्या, ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक आणि प्रमाण ५० टक्के धरलं, की तो येतो. तोही यादृच्छिक निवड असेल, म्हणजे माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील, तरच. ऑनलाइन फॉर्म फिरवून ३८५ जमतीलही, पण ज्यांना फॉर्म भरायला उसंत नाही तेच तर माझ्या अभ्यासाचे लोक होते! म्हणून मी घरोघरी गेले, त्यांच्या सोयीच्या वेळी.

संशोधनात लोकांना इजा किंवा फसवणूक होत नाही ना, हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या फॉर्मच्या आधी हवी, मागाहून मिळत नाही. अमेरिकेतल्या टस्कगीत अभ्यासाच्या नावाखाली १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न देता नुसता पाहिला गेला. ते वाचल्यापासून संमतीपत्र मी प्रत्येकाला स्वतः वाचून दाखवते. कुणाचे गुण फार कमी आले तर त्यांना कुणाकडे पाठवायचं, हेही आधीच ठरवा. माझ्याकडे पहिल्या दिवशी ते ठरलेलं नव्हतं. समोरची व्यक्ती रडू लागली आणि मी नुसती बसून राहिले.

शेवटी एक पानाचा सोपा सारांश घेऊन मी त्याच घरांत परत गेले. ‘नियमित’वाल्या बाईंनी तो वाचून सांगितलं, “उठण्यापेक्षा पुन्हा झोप न लागणं वाईट.” अहवालाच्या मर्यादांमध्ये ते वाक्य मी लिहिलं.