इंग्लंडात रक्ताची तपासणी आणि रिपोर्ट: खान्देशातून नवीन आलेल्यांसाठी

दर सप्टेंबरात आपल्याकडची मुलं-मुली येतात आणि दिवाळीच्या आसपास मला फोन सुरू होतात: "ताई, इथे लॅब कुठे आहे? थायरॉइड करून घ्यायचं होतं." जळगावात सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेलं, जे हवं ते सांगितलं, पैसे भरले की संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. इथे तपासणी करायची की नाही हे जीपी, म्हणजे तुमचा नोंदणीचा डॉक्टर ठरवतो. लॅबचा रिपोर्टही त्याच्याकडेच जातो. वेगळे पैसे लागत नाहीत. व्हिसासोबत वर्षाला १,०३५ पाउंड, विद्यार्थी असाल तर ७७६, आरोग्य अधिभार भरलात ना, तो याचसाठी. पैसे आधीच गेलेत, तेव्हा मागायला संकोच करू नका.

नोंदणी आल्या आल्या करा, ताप भरल्यावर नाही. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून जीपी नोंदणी नाकारू शकत नाही, हा नियम आहे. काउंटरवरच्या बाईंनी वीज बिल मागितलं तर "माझ्याकडे अजून नाही, पण नियमाने ते लागत नाही" असं शांतपणे सांगा. आपली मुलं इथेच मान खाली घालून परत येतात आणि वर्षभर नोंदणीशिवाय राहतात. मला याचा फार राग येतो.

अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठला फोन लावा, किंवा दवाखान्याच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरा. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडातल्या जीपींना हा फॉर्म कामाच्या दिवशी ८ ते ६:३० उघडा ठेवावाच लागतो. त्यात 'फुल बॉडी चेकअप पाहिजे' असं लिहू नका, ते मिळत नाही. चाळिशीनंतर ७४ पर्यंत दर ५ वर्षांनी हृदय आणि डायबिटीससाठी एक तपासणी मिळते, तेवढीच. त्रास काय, कधीपासून, घरात कोणाला काय आहे, हे लिहा. "दोन महिन्यांपासून थकवा, पायाला मुंग्या, जन्मापासून शाकाहारी, वडिलांना डायबिटीस" एवढं लिहिलंत की बी१२ आणि शुगर तपासायला डॉक्टरला कारण मिळतं. नुसतं 'वीकनेस' लिहिलं तर आराम करा म्हणतील. ते टाळाटाळ करतात असं मला वाटत नाही. इथला डॉक्टर लक्षणांवरून चालतो आणि त्याच्याकडे एका पेशंटला जेमतेम दहा मिनिटं असतात.

सातपुड्याच्या पट्ट्यातून, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावलकडून आलेल्यांनी एक गोष्ट न विचारता सांगायची: घरात सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, आहे का. आश्रमशाळेत किंवा शिबिरात तपासणी झाली असेल तर तो कागद गावाकडून फोटो काढून मागवा. इथे सिकलसेल म्हटलं की आफ्रिकन आणि कॅरिबियन माणसं डोळ्यांपुढे येतात. भिल्ल, पावरा समाजात तो आहे हे सगळ्यांना माहीत नसतं. दिवस गेले असतील तर जीपीची वाट न पाहता मिडवाइफकडे, म्हणजे गरोदरपण-बाळंतपण पाहणाऱ्या नर्सकडे, थेट नाव नोंदवा. सिकलसेल आणि थॅलेसिमियाची तपासणी १० आठवड्यांच्या आत झालेली चांगली.

रक्त दवाखान्यातच घेतात किंवा जवळच्या हॉस्पिटलला पाठवतात. वेळ आधी घ्यावी लागते. उपाशी राहायचं तर सांगतात. एचबीए१सीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीला, उपाशी राहावं लागत नाही.

आता खरं सांगायचं ते. रिपोर्ट तुम्ही स्वतः विचारायचा. बोलावलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. भुसावळकडच्या एका भाऊंनी शुगर तपासली, नंतर खोली बदलली, स्वस्त मिळालं म्हणून सिमकार्डही बदललं आणि दवाखान्याला यातलं काही कळवलं नाही. रिपोर्ट वाढीव आला. मेसेज जुन्या नंबरवर गेला, पत्र जुन्या घरी. भाऊ निश्चिंत राहिले. डोळ्यांना अंधूक दिसू लागलं तेव्हा नोंद उघडली आणि रिपोर्ट कधीचाच येऊन पडलेला निघाला. त्यांच्या डोळ्यांवरचे उपचार आजही चालू आहेत. खोली बदलली की बँकेच्याही आधी दवाखान्याला कळवा. नंबर बदलला तरी त्याच दिवशी कळवा.

रक्त देतानाच विचारा, रिपोर्ट किती दिवसांत येईल. तेवढे दिवस झाले की दुपारी फोन करा, सकाळी लाइन लागत नाही. तीन गोष्टी विचारा: रिपोर्ट आला का, डॉक्टरने पाहिला का, त्यावर शेरा काय आहे. 'नो फर्दर अ‍ॅक्शन', म्हणजे पुढे काही करायचं नाही, हे उत्तर कानांनी ऐका, मगच विसरा. एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, अ‍ॅप पासपोर्टने उघडून ठेवा, बहुतेक रिपोर्ट त्यात दिसतात. तपासणी हॉस्पिटलच्या डॉक्टरने सांगितली असेल तर जीपीला विचारून उपयोग नाही. त्या डॉक्टरच्या सेक्रेटरीला फोन करा. हॉस्पिटल जीपीकडे बोट दाखवतं आणि जीपी हॉस्पिटलकडे, त्यात रिपोर्ट मध्येच अडकतो.

अ‍ॅपमधले आकडे पाहून घाबरू नका, मोजमाप वेगळं आहे. एचबीए१सी इथे टक्क्यांत देत नाहीत: आपलं ६.५ टक्के म्हणजे इथलं ४८, आणि ४२ ते ४७ ही डायबिटीसच्या काठावरची पातळी. शुगरच्या आकड्याला १८ ने गुणा, ५.५ म्हणजे आपले ९९. हिमोग्लोबिन १३० दिसलं तर ते १३ आहे. कोलेस्टेरॉल ५ म्हणजे साधारण १९३. जळगावचा रिपोर्ट डॉक्टरला दाखवताना आकड्यापुढचं एकक झाकलं जाणार नाही असा फोटो घ्या.

आपल्यातले काही जण सुट्टीत गावी जाऊन सगळ्या तपासण्या करून येतात आणि इथल्या डॉक्टरला सांगतही नाहीत. गावी करा, हरकत नाही, पण रिपोर्ट इथल्या नोंदीत चढवून घ्या. गोळी इथे सुरू व्हायची, पुढच्या तपासण्या इथे व्हायच्या, मग इथल्या डॉक्टरला अंधारात ठेवून कसं चालेल?

आई-वडील फिरायला येणार असतील तर जीपी त्यांनाही फुकट पाहू शकतो, पण हॉस्पिटलात दाखल झाले की बिल एनएचएसच्या दराच्या दीडपट लागतं. विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका. त्यांच्या गोळ्यांची यादी गावच्या डॉक्टरकडून लिहून आणा आणि त्यात ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही लिहायला सांगा. भारतातली ब्रँडनावं इथल्या डॉक्टरला कळत नाहीत.