बेसबॉलमधला दीर्घ मुदतीचा करार फसला आहे का, हे कसे तपासावे

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दर हिवाळ्यात कोणत्या ना कोणत्या खेळाडूशी सात, दहा, पंधरा वर्षांचा करार होतो आणि आकडा जाहीर होताच ‘एवढे पैसे?’ अशी ओरड सुरू होते. करार संपत आला की तीच ओरड पुन्हा होते, फक्त आता तिच्यासोबत ‘इतिहासातले सर्वांत वाईट करार’ अशा याद्या येतात. या याद्या बहुतेक वेळा एकच गोष्ट मोजतात : शेवटच्या वर्षाचा पगार किती आणि त्या वर्षी खेळ किती झाला. ही मोजणी निरुपयोगी आहे आणि ती का निरुपयोगी आहे हे समजले की बाकीचे काम सोपे होते.

साहित्य फारसे लागत नाही. खेळाडूची जन्मतारीख, कराराच्या प्रत्येक वर्षाचा पगार आणि प्रत्येक हंगामातले त्याचे ‘वॉर’ एवढे पुरते. रिप्लेसमेंट पातळीच्या, म्हणजे किमान पगारात सहज मिळणाऱ्या खेळाडूच्या तुलनेत या खेळाडूने संघाला किती अधिक विजय मिळवून दिले, त्याचा अंदाज म्हणजे वॉर. बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या संकेतस्थळांची गणिते थोडी वेगळी आहेत. त्यांतले कोणतेही एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने आधीच एक फरक लक्षात घ्यावा. तिथे हंगाम संपला की संघ खेळाडूला मोकळे करू शकतो. मेजर लीगमधल्या या करारांची रक्कम मात्र हमीची असते. खेळाडू जखमी झाला, खेळ बिघडला किंवा संघाने त्याला काढून टाकले, तरी उरलेला पगार द्यावाच लागतो. शिवाय सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, होत नाही, त्यामुळे पहिला मोठा करार हातात पडतो तेव्हा तो बहुधा तिशीच्या उंबरठ्यावर असतो. ज्या वर्षांत तो सर्वांत चांगला खेळला त्या वर्षांत त्याला बाजारभावाच्या कितीतरी कमी पगार मिळालेला असतो. ‘या खेळाडूंना डोक्यावर बसवले आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही पहिली सहा वर्षेही हिशेबात धरावीत, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : खेळाडूचे वय कराराच्या पहिल्या हंगामातले धरा, सही झाली त्या दिवसाचे नव्हे. हे सोपे वाटते, पण याचा परिणाम मोठा आहे आणि तो पुढे येईल.

दुसरी पायरी : जाहीर झालेली एकूण रक्कम आजच्या किमतीत आणा. शोहेई ओहतानीने डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, पण त्यातले ६८ कोटी डॉलर २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी मिळायचे आहेत. म्हणूनच लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे पगारांचा खर्च ठरावीक मर्यादेपुढे गेला की संघाला भरावा लागणाऱ्या कराच्या, हिशेबात तो करार वर्षाला ७ कोटींचा न धरता सुमारे ४.६ कोटींचा धरला जातो. याच पायरीवर बॉबी बोनिया या जुन्या खेळाडूचे नाव यादीतून कायमचे काढून टाका. मेट्स त्याला २०११ ते २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे ११.९३ लाख डॉलर देतात आणि दरवर्षी त्या दिवशी त्यांची थट्टा होते. वस्तुतः २००० साली त्याचे ५९ लाख डॉलर देणे होते, ते ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले गेले. ते एक कर्ज आहे. व्याजाचा दर चढा होता की नाही यावर वाद घाला, पण दीर्घ मुदतीच्या कराराचा दाखला म्हणून ते पुढे करू नका.

तिसरी पायरी, म्हणजे करार वर्षावर्षात फोडणे, हीच खरी अवघड आहे. हिने मला बराच काळ छळले आहे आणि बहुतेक लेख इथेच कोलमडतात, म्हणून इथे थांबून नीट करा.

एकूण रकमेला वर्षांनी भागून आलेली सरासरी घेऊन बसू नका. खेळाडूची क्षमता सरासरीने चालत नाही. ती तिशीनंतर उतरत जाते. विश्लेषकांमध्ये रूढ असलेला ढोबळ नियम असा की, तिशीनंतर दरवर्षी साधारण अर्धा विजय कमी धरावा. समजा, ३० वर्षांचा, वर्षाला ५ विजयांचा खेळाडू ८ वर्षांसाठी घेतला. त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती ५, साडेचार, ४, साडेतीन, ३, अडीच, २ आणि शेवटच्या वर्षी दीड. बेरीज २६. एका विजयाची किंमत ८० लाख डॉलर धरली, तर करार २०.८ कोटींचा, वर्षाला २.६ कोटी. आता पाहा : पहिल्या वर्षी तो ४ कोटींचे काम करतो आणि घेतो २.६ कोटी, शेवटच्या वर्षी काम १.२ कोटींचे आणि पगार तोच. २६ पैकी १७ विजय पहिल्या चार वर्षांत येतात. म्हणजे शेवटची चार वर्षे तोट्याची असणार हे सही करतानाच दोन्ही बाजूंना ठाऊक असते. क्लब मुदत मुद्दाम लांबवतो, कारण लक्झरी टॅक्स वार्षिक सरासरीवर मोजला जातो आणि वर्षे वाढली की ती सरासरी खाली येते.

म्हणून माझा पक्का नियम असा : शेवटची वर्षे खराब गेली एवढ्यावरून करार फसला असे कधीही म्हणू नये. पहिली चार वर्षे पाहावीत. मॅक्स शेर्झरने २०१५ मध्ये नॅशनल्सशी ७ वर्षांचा २१ कोटींचा करार केला, तेव्हा तिशीतल्या गोलंदाजाला सात वर्षे देण्याबद्दल पुष्कळांनी नाके मुरडली होती. त्याने पहिल्याच हंगामात दोन नो-हिटर टाकले, म्हणजे दोन सामन्यांत विरोधी संघाला एकही हिट (फटका मारून बेस गाठणे) मिळू दिला नाही, २०१६ आणि २०१७ मध्ये सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि २०१९ मध्ये संघाने विजेतेपदाची वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर तो एकही चेंडू टाकू शकला नसता, तरी तो करार चांगलाच ठरला असता.

आता उलट बाजू. अल्बर्ट पुहोल्सचा एंजल्सशी झालेला १० वर्षांचा २४ कोटींचा करार सगळे २०१९, २०२०, २०२१ या वर्षांवरून झोडपतात. त्याची खरी दुखरी जागा करार होण्याच्याही आधी आहे. कार्डिनल्सकडून खेळताना त्याची फलंदाजीची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या दर संधीमागे हिटचे प्रमाण, २००८ मध्ये ०.३५७, २००९ मध्ये ०.३२७, २०१० मध्ये ०.३१२ आणि २०११ मध्ये ०.२९९ होती. उतार डोळ्यांसमोर होता. पहिल्या हंगामात तो ३२ वर्षांचा होता. २०१२ मध्ये सरासरी ०.२८५ झाली आणि २०१३ मध्ये तळपायाच्या दुखण्याने तो ९९ सामनेच खेळला. ज्या वर्षांनी पुढची भरपाई करून ठेवायची, ती वर्षेच अशी गेली. त्यात पगाराची मांडणी नेमकी उलटी होती : २०१२ मध्ये १.२ कोटी आणि चढत चढत २०२१ मध्ये ३ कोटी. क्षमता उतरत होती आणि पगार चढत होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोकांचा राग कुठून येतो ते कळते. पण तोट्याचे कारण पगाराच्या मांडणीत शोधू नका, सुरुवातीच्या अंदाजात शोधा.

तो अंदाज एका विजयाने चुकला तर काय होते, हेही करून पाहा. वरच्याच उदाहरणात ५ ऐवजी ४ पासून सुरुवात करा. बेरीज २६ वरून १८ वर येते, म्हणजे ६.४ कोटी डॉलर हवेत विरले. दुखापत नाही, दुर्दैव नाही, फक्त सुरुवातीचा आकडा चुकला. त्यामुळे मी कोणताही करार तपासताना निम्म्याहून अधिक वेळ या एका आकड्यावर घालवतो आणि मागच्या एका चमकदार हंगामावर तो कधीच बेतत नाही. तीन हंगाम घ्या, अलीकडच्याला जास्त वजन द्या. ख्रिस डेव्हिसची सरासरी २०१३ मध्ये ०.२८६, २०१४ मध्ये ०.१९६ आणि २०१५ मध्ये ०.२६२ होती. ओरिओल्सनी २०१६ च्या सुरुवातीला ७ वर्षांसाठी १६.१ कोटी दिले, ते आदल्या हंगामातल्या ४७ होमरनकडे पाहून. मधल्या वर्षाची खूण तिथेच होती. २०१८ मध्ये तो ०.१६८ वर आला. २०१९ मध्ये १३ एप्रिलला बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये त्याने रिक पोर्सेलोला उजवीकडे फटका मारून दोन धावा मिळवून दिल्या, तेव्हा सलग ५४ वेळा हिट न मिळण्याची मालिका तुटली आणि त्याने तो चेंडू आठवण म्हणून मागून घेतला. हा प्रसंग वाचताना त्याची कीव करा, हसू नका. निर्णय क्लबचा होता.

याच पायरीतला दुसरा सापळा म्हणजे जुना करार संपण्याआधीच केलेली मुदतवाढ, आणि पहिल्या पायरीतले वय इथे कामाला येते. फिलीजनी रायन हॉवर्डशी एप्रिल २०१० मध्ये ५ वर्षांचा १२.५ कोटींचा करार केला. तेव्हा तो ३० वर्षांचा होता, पण करार सुरू होणार होता २०१२ मध्ये, म्हणजे वयाच्या ३२ पासून. ३० व्या वर्षाची क्षमता पाहून ३२ ते ३६ या वर्षांचे पैसे ठरवले गेले. शरीराने धिप्पाड, फर्स्ट बेसवरचा, धावण्यात मंद, फटका एकाच बाजूला ओढणारा : अशा खेळाडूचा उतार नेहमीच्या अर्ध्या विजयापेक्षा जास्त धरायला हवा होता. ७ ऑक्टोबर २०११ ला कार्डिनल्सविरुद्ध १-० ने हरलेल्या सामन्यात शेवटचा बाद होताना, बॅटर्स बॉक्समधून धावायला निघताच त्याच्या टाचेची शीर तुटली आणि तो तिथेच कोसळला. नवा करार त्यानंतर सुरू झाला. लोक या दुखापतीला दोष देतात, पण दोन वर्षे थांबण्याचा हक्क क्लबकडे होता आणि तो त्यांनी काहीही न मिळवता सोडून दिला. टायगर्सनी मार्च २०१४ मध्ये मिगेल काब्रेराबाबत हेच केले : जुन्या कराराची दोन वर्षे शिल्लक असताना, लागोपाठ दोन एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कारांच्या भरात, २०१६ ते २०२३ या वर्षांसाठी २४.८ कोटी. २०१६ चा हंगाम उत्तम गेला, २०१७ पासून पाठदुखीने घेरले. मला विचाराल तर फ्री एजंटला जास्त पैसे देणे हे क्षम्य आहे, कारण समोर दुसरे क्लब बोली लावत असतात. बोली लावणारे कोणी नसताना स्वतःहून वर्षे वाढवणे क्षम्य नाही.

चौथी पायरी : दुखापत वेगळ्या रकान्यात टाका. स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी ठरला, लगेच त्याला ७ वर्षांचे २४.५ कोटी मिळाले आणि त्यानंतर तो फक्त ८ सामन्यांत, एकूण ३१ आणि एक तृतीयांश डाव गोलंदाजी करू शकला. त्याच्या खांद्याचा आणि कोपराचा पूर्वेतिहास माहीत होता, म्हणून धोका जास्त धरायला हवा होता; पण इतके टोक कोणीच धरले नसते. पैसे गेले ही एक गोष्ट आणि निर्णय वाईट होता ही दुसरी.

पाचवी पायरी ऑप्ट-आउटची. कराराच्या मध्यावर बाहेर पडण्याचा हक्क खेळाडूला असेल, तर चांगली वर्षे क्लबला मिळतात, पण पुढची जोखीमही क्लबच्याच गळ्यात राहते, म्हणून कराराची किंमत थोडी वाढवून धरा. ॲलेक्स रॉड्रिगेझने २००७ मध्ये असाच जुना करार सोडला. यांकीजनी त्याला जाऊ द्यायला हवे होते. त्यांनी ३२ वर्षे वयापासून सुरू होणारा १० वर्षांचा २७.५ कोटींचा नवा करार दिला.

सहावी पायरी करार चालू असतानाची आहे. आज संघाने काय करावे हे ठरवताना दिलेले पैसे पूर्णपणे विसरा आणि उरलेले पैसे काहीही केले तरी दिलेच जाणार आहेत हे धरून चाला. प्रश्न एकच उरतो : त्या जागेवर दुसरा खेळाडू जास्त चांगला खेळेल का? एंजल्सनी पुहोल्सला मे २०२१ मध्ये काढले, तेव्हा ‘३ कोटी वाया घालवले’ अशी टीका झाली. ते ३ कोटी दोन्ही वाटांनी जाणारच होते. त्यांनी मोकळी केली ती संघातली जागा, आणि ती कित्येक हंगाम आधीच करायला हवी होती.

अदलाबदल झाली असेल, तर हिशेब दोन क्लबांत वाटा. प्रिन्स फील्डरच्या ९ वर्षांच्या २१.४ कोटींच्या करारातून टायगर्स दोन हंगामांनी सुटले, पण टेक्सासला ३ कोटी देऊन. आणि बदल्यात त्यांना इयन किन्सलर मिळाला. त्या करारात टायगर्सचे नुकसान झाले असे म्हणणाऱ्याने किन्सलरचे वॉर जमा बाजूला मांडलेले मी फारसे पाहिलेले नाही.

हात बसवायचा असेल, तर वान सोटोचा मेट्सबरोबरचा करार घ्या : १५ वर्षे, ७६.५ कोटी, पुढे ढकललेली रक्कम शून्य, त्यामुळे दुसऱ्या पायरीचे काम नाही. पहिला हंगाम २०२५, वय २६, म्हणजे उतार सुरू होण्याआधीची तीन-चार वर्षे हातात आहेत. २०२९ नंतर त्याला बाहेर पडता येते आणि पुढच्या दहा वर्षांसाठी दरवर्षी ४० लाख डॉलर वाढवून क्लब त्याला थांबवू शकतो. दोन तक्ते करा, एक तो गेला असे धरून पाच वर्षांचा, दुसरा ८०.५ कोटींचा. २०३९ मध्ये तो कसा खेळेल या प्रश्नावर वेळ घालवू नका. पहिल्या पाच रांगा भरा आणि दर हंगामाअखेर त्याच दुरुस्त करा.