महागडा हेडफोन निवडताना गाणं लावू नका

सोनी, बोस की सेनहायझर? दुकानात गाणं लावून पाहिलं की तिन्ही छानच वाटतात आणि निर्णय तिथेच अडतो. त्यापेक्षा असं करा:

१. गाणं बंद ठेवा, नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज दाबणारी सोय) चालू करा आणि एसीखाली किंवा पंख्याजवळ उभे राहा. ती घरघर किती विरते ते ऐका. माणसांचं बोलणं थोडं ऐकू येणारच, ते पूर्ण जात नाही.

२. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. काडीमुळे कानावरची गादी जराशी उचलली जाते आणि त्या फटीतून आवाज आत शिरतो. माझ्या मते हीच खरी परीक्षा. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. कानशिलावर काडी रुतायला लागली तर ते मॉडेल कितीही नावाजलेलं असो, सोडा.

३. रोज बॅगेत न्यायचा असेल तर घडी बघा. सोनी एक्सएम५ची घडी होत नाही. एक्सएम६ आणि बोस क्यूसी अल्ट्राची होते. चार्जिंगचा कंटाळा असेल तर सेनहायझर मोमेंटम ४ घ्या. एका चार्जवर कंपनी ६० तास सांगते, सोनी ३०.

रस्त्यावर चालताना मात्र बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड लावा, नाहीतर मागून येणारी गाडी कळत नाही.