व्हॉल्व्ह स्प्रिंगची गॅप लावताना या चुका टाळा

मोठ्या लिफ्टचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा, आणि कडक स्प्रिंगा आणून इंजिन जास्त फेऱ्यांचे करू पाहणारे तरुण वाळूज, जालना, बीड, अगदी लातूरहूनही माझ्याकडे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, घेऊन येतात. त्यांतले बहुतेक जण येतात ते नुकसान झाल्यावर, आणि कारण जवळजवळ नेहमी तेच असते. त्यांनी टॅपेटची गॅप मोजलेली असते, स्प्रिंगची मोजलेलीच नसते.

आपल्याकडे गॅप म्हटले की हात आपोआप फिलर गेजकडे, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांकडे, जातो. रॉकर, म्हणजे कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह दाबणारा हात, आणि व्हॉल्व्हचे टोक यांमधली ती टॅपेटची गॅप मिलिमीटरच्या दशांशात असते आणि ती व्हॉल्व्ह बंद असताना मोजतात. स्प्रिंगची गॅप तपासायची ती व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना. त्या क्षणी स्प्रिंगची सगळी वेटोळी एकमेकांना टेकायला अजून किती जागा उरली आहे, एवढाच तो प्रश्न आहे. हिशोब साधा आहे. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या (स्प्रिंगवरच्या टोपीच्या) खालच्या बाजूपर्यंतची उंची घ्यावी, तिच्यातून व्हॉल्व्हची लिफ्ट वजा करावी, मग वेटोळी टेकल्यावरची स्प्रिंगची ठोस उंची वजा करावी. उरते ती गॅप. मी ती ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण दीड मिलिमीटर ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात जालन्याच्या एका तरुणाने १३०० सीसी, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाचे हेड आणले. इंजिन वीस मिनिटे चालले, मग टकटक सुरू झाली आणि एक रॉकर तुटला. “काका, गॅप तर मी दहा बार बघितली,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि टॅपेटपुरते ते खरेही होते. मी एक स्प्रिंग काढून उजेडात धरली, तेव्हा लगतच्या दोन वेटोळ्यांवर समोरासमोर नखाएवढे चकचकीत पट्टे दिसले. हे पट्टे वेटोळी एकमेकांवर आदळल्याशिवाय पडत नाहीत. खाली पाहिले तर प्रत्येक स्प्रिंगखाली ०.८ मिलिमीटरच्या दोन-दोन शिम, म्हणजे पातळ चकत्या, होत्या. कोणीतरी त्याला सांगितले होते की शिम वाढवल्या की दाब वाढतो आणि गाडी जास्त फिरते. दाब वाढतो, यात शंका नाही. मात्र त्याची मूळ उंची ३३.४, लिफ्ट ९.२ आणि ठोस उंची २२.६ मिलिमीटर होती, म्हणजे शिमशिवाय गॅप १.६ होती आणि त्याने बरोबर १.६ मिलिमीटरच्याच शिम घातल्या होत्या. स्प्रिंग ठोस झाली की कॅम लोखंडाच्या भरीव तुकड्याला ढकलू लागतो, आणि मग रॉकर, कॅमचे नाक (उंच टोक) किंवा रिटेनरला व्हॉल्व्हवर धरून ठेवणारा कॉटर यांपैकी जे सर्वांत दुबळे असेल ते जाते. त्याच्या कॅमची चार नाके खरवडली गेली होती. इंजिन पहिल्यांदा पान्याने हळूहळू हाताने फिरवले असते, तर जड जागा मनगटाला लगेच कळली असती. त्याने थेट स्टार्टर मारला, कारण रविवारच्या स्पर्धेला जायचे होते. ही घाई मला फार अस्वस्थ करते. शिम स्प्रिंगची उंची बरोबरीत आणण्यासाठी असते. दाब वाढवायचा असेल तर वेगळी स्प्रिंग घ्यावी.

दुसरी चूक याच्याच पोटात आहे आणि अनुभवी माणसेही ती करतात. एका व्हॉल्व्हची उंची मोजायची आणि उरलेल्या पंधरांची तीच धरायची. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, कापताना एक व्हॉल्व्ह जास्त खोल जातो, दुसरा कमी. जो खोल गेला त्याची दांडी वर जास्त निघते, स्प्रिंगची उंची वाढते आणि दाब उतरतो. स्प्रिंग मिलिमीटरला पाच किलोची असेल, तर ०.८ मिलिमीटरने चार किलो दाब गेला, आणि वरच्या फेऱ्यांना तोच व्हॉल्व्ह तरंगू लागतो, म्हणजे वेळेवर बंद होत नाही. म्हणून मी शाळेची वही ठेवतो, तिच्यात प्रत्येक व्हॉल्व्हचा क्रमांक, उंची, ठोस उंची आणि शिम लिहितो, आणि स्प्रिंगा त्याच क्रमाने पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडतो. ठोस उंची स्प्रिंग व्हाइसमध्ये दाबून व्हर्नियरने स्वतः मोजतो, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबत नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर डोळा जातो, तेव्हा चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. शेवटी सगळे बसवून, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून, वेटोळ्यांमधल्या फटींत फिलरची पात घालून पाहतो. पाच फटी असतील तर प्रत्येकीत सरासरी १२ थाऊची पात जायला हवी. वहीतला हिशोब आणि ही पात यांचा मेळ बसला नाही, तर मी हेड पुन्हा उघडतो.

दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली वेगळी मोजावी. रिटेनरला आतल्या बाजूला पायरी असते, त्यामुळे तिची उंची बाहेरचीपेक्षा कमी भरते आणि बहुधा तीच आधी ठोस होते.

कॅमच्या कागदावरची लिफ्ट कॅमच्या नाकाची आहे की व्हॉल्व्हची, हे विचारून घ्यावे. नाकाची ७.५ आणि रॉकरचे प्रमाण १.५ असेल, तर व्हॉल्व्ह ११.२५ मिलिमीटर उघडतो.

रिटेनरचा तळ आणि गाइडवरचे (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीवरचे) ऑइल सील यांतही पूर्ण लिफ्टला दीड मिलिमीटर जागा हवी. ती नसेल तर सील फुटते, इंजिन तेल जाळू लागते आणि लोक पिस्टनच्या रिंगांना दोष देत बसतात.

हार्डवेअरच्या दुकानातला मऊ वॉशर शिम म्हणून कधीही घालू नये.

गॅप जास्त ठेवली की सुरक्षित, हाही गैरसमज आहे. तीन-चार मिलिमीटर जागा मोकळी राहिली, तर वेगात स्प्रिंग स्वतःच्याच लहरीत थरथरू शकते आणि तुटूही शकते.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतर हा वेगळा विषय आहे, पण तपासणी त्याच बैठकीत होते. हलक्या स्प्रिंगा लावून, पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती ठेवून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे आणि दबलेली माती ब्लेडने कापून मोजावी. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटरपेक्षा कमी मला चालत नाही. पिस्टन अगदी वर असतानाच मोजणारे फसतात, कारण सर्वांत जवळची वेळ बहुधा एक्झॉस्टला त्या क्षणाच्या दहा-एक अंश (क्रँक फिरण्याचे) आधी आणि इनटेकला तितकीच नंतर येते.

टॅपेट थंड इंजिनावर लावायचे, हे सगळ्यांना पाठ असते. मात्र मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभे असलेले इंजिन थंड नसते. त्या दिवसांत मी हे काम पहाटे करतो, आणि पहिल्यांदा तापवलेले इंजिन रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे सोळाही टॅपेट पुन्हा मोजतो.